जुन्या पॉकेट पीसीला जीपीएस जोडताना

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी आल्याआल्याच विचारलं, की प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये जीपीएस असताना वीस वर्षांपूर्वीच्या पीडीएला ते जोडायचं कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पुण्यात एखाद्या गल्लीतलं दुकान शोधायचं असेल तर हा खटाटोप करूच नका, फोन वापरा. पण फोनमध्ये सगळं एका काचेमागे बंद असतं. आपली जागा उपग्रहावरून कळली की मोबाइलच्या टॉवरवरून, नकाशा कुणी काढला, ठिपका बरोबर रस्त्यावरच कसा काय पडला, यातलं काही दिसत नाही. जुन्या पीडीएत हे सगळे भाग सुटे असतात. रिसीव्हर वेगळा, नकाशा वेगळा, प्रोग्राम वेगळा. ते आपल्यालाच एकमेकांना जोडावे लागतात, आणि जोडताना चूक नेमकी कुठून शिरते ते कळतं. सह्याद्रीत धुकं आहे, रेंज नाही, वाटेच्या एका बाजूला कडा आहे, अशा वेळी पडद्यावरच्या ठिपक्यावर किती विसंबायचं हे ज्याला माहीत आहे त्याचं आणि ज्याला माहीत नाही त्याचं, दोघांचं यंत्र सारखंच असतं. पाय कुठे पडतो त्यात फरक पडतो.

तर आधी यंत्र. तरुण मंडळींपैकी अनेकांनी पीडीए हातात धरलेलाही नसेल. १९९६ मध्ये पाम कंपनीचा पायलट आला. १६० बाय १६० ठिपक्यांचा काळा-करडा पडदा, १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ड्रॅगनबॉल प्रोसेसर, आणि वीज कशाची, तर पेन्सिल सेलपेक्षाही बारीक अशा दोन ट्रिपल-ए सेलची. पत्ते, टेलिफोन नंबर, भेटीच्या वेळा, एवढंच त्याचं काम. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे पॉकेट पीसी आले, त्यात कॉम्पॅकचं आयपॅक सगळ्यांत गाजलं. पुढे २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली आणि आयपॅक एचपीचं झालं. आम्ही आज टेबलावर ठेवलंय ते २००३ चं एचपी आयपॅक २२१०. ४०० मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, २४० बाय ३२० चा रंगीत पडदा. वाय-फाय नाही, सिम कार्ड नाही. पण ब्लूटूथ आहे, कॉम्पॅक्टफ्लॅश म्हणजे सीएफ कार्डाची खाच आहे, एसडी कार्डाचीही आहे, आणि बॅटरी बोटाने काढता येते. जुनं यंत्र निवडताना या चार गोष्टी पाहाव्यात. पाचवी गोष्ट म्हणजे पडदा. हा पडदा उन्हात वाचता येतो. मागचा दिवा बंद केला तरी सूर्याचा उजेडच परावर्तित होऊन अक्षरं दिसतात. भर दुपारी सड्यावर उभं राहून फोनच्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलेल्यांना याची किंमत कळेल.

या यंत्रात जीपीएस मात्र नाही. त्या पिढीत ते आतच बसवलेली यंत्रं अगदी थोडी होती. गार्मिनचं २००३ चं आयक्यू ३६०० हे त्यातलं नाव घेण्यासारखं. बाकी सगळ्यांना बाहेरून जोडावं लागे.

आता एक गैरसमज आधी दूर करू. लोकांना वाटतं, पीडीए उपग्रहाशी बोलतो. पीडीए कुणाशीच बोलत नाही, आणि रिसीव्हरही बोलत नाही, तो फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक जण आपली जागा आणि आपल्या घड्याळातली वेळ सांगत राहतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकावरून त्या उपग्रहापर्यंतचं अंतर निघतं. अशी निदान चार अंतरं लागतात. तीन आपल्या जागेसाठी, आणि चौथं रिसीव्हरच्या स्वस्त घड्याळातली चूक काढण्यासाठी, कारण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि आपल्या हातात क्वार्ट्झचं. हे सगळं गणित रिसीव्हरच्या आतली चिप करते. पीडीएच्या वाट्याला काय येतं? तयार उत्तर, आणि तेही साध्या मजकुरात. म्हणूनच १६ मेगाहर्ट्झचा पामसुद्धा हे काम करू शकतो. 'यंत्र फार जुनं आहे, झेपणार नाही' ही शंका निदान जागा कळण्यापुरती तरी सोडून द्यावी.

हा मजकूर ज्या पद्धतीने येतो तिला एनएमईए ०१८३ म्हणतात. जहाजांवरच्या उपकरणांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून ती ठरवली गेली. वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ४८० अक्षरं. एका ओळीत जास्तीत जास्त ८२ अक्षरं. त्यामुळे सेकंदाला चार-पाच ओळी आरामात येतात. पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसते, पण आपण इथे देवनागरीत लिहून पाहू:

$जीपीआरएमसी,०९१५३०,ए,१८३१.२४००,एन,०७३५१.३६००,ई

पुढे वेग, दिशा, तारीख येते, ती तूर्त सोडून देऊ. पहिला आकडा वेळ: ९ वाजून १५ मिनिटं ३० सेकंद. ही ग्रिनिचची वेळ, त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपले दुपारचे पावणेतीन. मग 'ए' हे अक्षर. ते ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ. मग अक्षांश, मग रेखांश. आता सांगा बरं, हा अक्षांश किती?

मागच्या रांगेतून उत्तर आलं, 'अठरा पूर्णांक एकतीस'. बहुतेकांना असंच वाटतं, आणि हौसेने स्वतः प्रोग्राम लिहिणारे नेमके इथेच घसरतात. हा १८ अंश आणि ३१.२४ मिनिटं आहे. एका अंशाची मिनिटं साठ, म्हणून दशांशात तो १८.५२०७ होतो. रेखांश ७३ अंश ५१.३६ मिनिटं, म्हणजे ७३.८५६. ही जागा शनिवारवाड्याच्या आसपासची आहे. पण तेच आकडे दशांश अंश समजून १८.३१२४ आणि ७३.५१३६ असे वाचले, तर आपण सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला आणि ३६ किलोमीटर पश्चिमेला जातो. म्हणजे तोरण्याच्याही पलीकडे, रायगडच्या दिशेला. यात उपग्रहाचा काही दोष नाही आणि रिसीव्हरचाही नाही. त्यांनी शनिवारवाडाच सांगितला होता. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते तरी. लहान चुका दिसत नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

आता ते 'ए'. ए म्हणजे ही जागा ग्राह्य आहे. उपग्रह पुरेसे दिसेनासे झाले, की त्या जागी 'व्ही' येतो. म्हणजे 'मला आत्ता माहीत नाही' असं रिसीव्हर प्रामाणिकपणे सांगत असतो. प्रोग्राम मात्र ते तुम्हाला सांगेलच असं नाही. काही प्रोग्राम शेवटची माहीत असलेली जागा तशीच दाखवत बसतात. ठिपका स्थिर, सुबक, आणि वीस मिनिटांपूर्वीचा. म्हणून नवीन प्रोग्राम घेतला की आम्ही पहिली परीक्षा हीच घेतो. रिसीव्हर स्टीलच्या डब्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि ठिपक्याचा रंग बदलतो का, काही इशारा येतो का ते पाहायचं. काहीच झालं नाही तर तो प्रोग्राम डोंगरात न्यायचा नाही. कच्चा मजकूर आणि उपग्रहांची स्थिती दाखवणारे छोटे, फुकट प्रोग्राम त्या काळीही होते. पामवर सीटस जीपीएस, पॉकेट पीसीवर व्हिज्युअल जीपीएस सीई. नकाशाचा प्रोग्राम टाकण्याआधी असं एखादं टाकावं. गाडी अडली की दोष रिसीव्हरमध्ये आहे, जोडणीत आहे की नकाशात, ते त्यावरून पाच मिनिटांत कळतं.

जोडणीचे मार्ग तीन. पहिला वायरचा. जुन्या पामना आणि सुरुवातीच्या आयपॅकना सिरियल पोर्ट असे, आणि जीपीएसची वायर थेट त्यात बसे. आज तुम्ही बाजारातून जीपीएसची सुटी पाटी आणाल, शे-दोनशे ग्रॅमही नसते ती, बोटाएवढी. तिच्या टोकावर ३.३ व्होल्टचा टीटीएल सिग्नल असतो आणि वेग बहुधा ९६०० बॉड. जुना आरएस-२३२ पोर्ट मात्र अधिक-उणे कित्येक व्होल्टवर चालतो. दोघांना थेट जोडलं तर पाटी जळते. मध्ये मॅक्स ३२३२ जातीची छोटी चिप बसवावी, आणि आधी मल्टिमीटरने मोजावं. वेगही दोन्हीकडे सारखा ठेवावा, नाहीतर पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. आणखी एक, यूएसबीचा रिसीव्हर या यंत्रांना चालत नाही, कारण ती स्वतःच संगणकाला जोडली जाणारी उपकरणं आहेत. त्यांना दुसरं यूएसबी उपकरण सांभाळता येत नाही.

दुसरा मार्ग सीएफ कार्डाच्या आकाराच्या रिसीव्हरचा. खाचेत सरकवला की झालं, वायर नाही, पेअरिंग नाही. पण तो वीज पीडीएचीच खातो, आणि अँटेना पीडीएच्या डोक्यावर राहते. पीडीए खिशात टाकला की तीही खिशात.

तिसरा ब्लूटूथचा, आणि आमची शिफारस त्याचीच. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी असते, तो सॅकच्या वरच्या कप्प्यात आकाशाकडे तोंड करून ठेवता येतो आणि पीडीए हातात. पेअरिंगचा पिन बहुतेकांचा चार शून्यं. पीडीएच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'आउटबाउंड कॉम पोर्ट' म्हणून एक नंबर लिहिलेला असतो, तोच नकाशाच्या प्रोग्रामला द्यायचा. एवढं करूनही 'पोर्ट उघडत नाही' असं आलं, तर बहुधा दुसरा एखादा प्रोग्राम तो पोर्ट धरून बसलेला असतो. त्या काळी एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम ऐकू शके. मायक्रोसॉफ्टने विंडोज मोबाइल ५ मध्ये मधला दुवा देऊन ही अडचण काढली, पण आपलं यंत्र त्याच्या आधीचं आहे.

रिसीव्हर जुना घेतलात तर दोन गोष्टी अनुभवाला येतील. पहिली, तो चालू केल्यावर बराच वेळ काही बोलणार नाही. यात बिघाड नाही. उपग्रह आपला संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतो. स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती तो ३० सेकंदांच्या एका चक्रात सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग सांगायला त्याला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उचलतो, म्हणून तो चटकन जागा दाखवतो. आपल्या रिसीव्हरला ती आकाशातूनच थेंबथेंब गोळा करावी लागते. आतली छोटी बॅटरी मेलेली असेल तर हे दर वेळी पहिल्यापासून. म्हणून चालायला लागण्याआधी, चहा होईपर्यंत तो उघड्यावर ठेवावा. जागचा न हलवता.

दुसरी गोष्ट मजेशीर आहे. जागा बरोबर येते आणि तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची. जीपीएसमध्ये आठवड्याचा क्रमांक १० बिटांत लिहितात, म्हणजे ० ते १०२३. तो संपला की पुन्हा शून्य. मोजणी सुरू झाली ६ जानेवारी १९८० ला, पहिलं चक्र संपलं ऑगस्ट १९९९ मध्ये, दुसरं एप्रिल २०१९ मध्ये. सध्या कितवं चक्र चालू आहे हे रिसीव्हरने आपल्या मनाने ठरवायचं असतं, आणि जुन्याचा अंदाज चुकतो. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं साडेसात महिने. चालण्याला याने काही बाधा येत नाही. फक्त प्रोग्रामला 'घड्याळ जीपीएसवरून लाव' असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर पीडीएतल्या सगळ्या फाइलींवर जुन्या तारखा पडतात.

इथपर्यंत आपल्याला कळलं ते अक्षांश-रेखांश. अजून दिशादर्शन झालेलं नाही. त्याला नकाशा लागतो, आणि खरं काम इथे सुरू होतं.

मोटारीसाठी रस्ता सांगणारे प्रोग्राम त्या काळी मिळायचे. त्यांचे नकाशे आता जुने झाले, शिवाय अनेकांना सुरू होण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरकडून कोड लागे, तो सर्व्हरच राहिला नाही. पैसे मोजून घेतलेला प्रोग्राम, चालू यंत्र, आणि तरी उपयोग शून्य. त्यामुळे आम्ही त्या वाटेला जात नाही. स्वतःचा नकाशा स्वतः घालता येईल असा प्रोग्राम घ्यावा. डोंगरवाल्यांमध्ये ओझीएक्सप्लोरर प्रसिद्ध आहे, त्याची पॉकेट पीसीची आवृत्तीही आहे. नकाशा स्कॅन करायचा, त्यावरच्या काही बिंदूंचे अक्षांश-रेखांश सांगायचे, मग प्रोग्राम प्रत्येक ठिपक्याचं गणित बसवतो.

इथे थोडा हिशेब करू. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट १:५०,००० प्रमाणाची असते. एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. ती २०० डीपीआयने स्कॅन केली, तर चित्रातला एक ठिपका जमिनीवर सव्वासहा मीटरहून किंचित जास्त. जीपीएसची अचूकता उघड्यावर पाच-दहा मीटर, म्हणजे यापेक्षा बारीक स्कॅन करून हाती काही लागत नाही. एक शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे साधारण २७ बाय २६ किलोमीटर. तिचे सुमारे पावणेदोन ते दोन कोटी ठिपके होतात. रंगीत चित्र उघडं केलं तर पन्नास एमबीच्या वर. आपली रॅम ६४. म्हणून ओझीचं एक साधन या चित्राचे लहान तुकडे करून ठेवतं आणि पीडीए लागेल तेवढाच तुकडा उचलतो. पडद्यावर एका वेळी दीड बाय दोन किलोमीटरचा परिसर मावतो. पायी चालणाऱ्याला तो भरपूर झाला.

आता ती लहान, न दिसणारी चूक. बिंदू सांगताना प्रोग्राम विचारतो, 'डेटम कोणता?' बहुतेक जण त्या प्रश्नाकडे न बघता पुढे जातात. डेटम म्हणजे काय, तर पृथ्वीचा आकार नेमका कसा धरला आणि मोजणीची सुरुवात कुठे बांधली, याचा ठराव. आपल्या जुन्या टोपोशीटचा ठराव एकोणिसाव्या शतकातला आहे. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळून मोजणी सुरू केली, पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती उत्तरेला नेली, आणि १८३० मध्ये एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जाणारा पृथ्वीचा आकार ठरला. मोजणीचा आधारबिंदू आजच्या मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. भारताच्या जमिनीला तो आकार छान बसतो. पण त्यातली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मापापेक्षा आठशे मीटरहून जास्त कमी आहे, आणि त्याचा मध्यही पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळत नाही. जीपीएसचा ठराव वेगळा, डब्ल्यूजीएस ८४. त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावर. त्यामुळे एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन्ही ठरावांत वेगळे येतात. आपल्या भागात हा फरक जमिनीवर शंभर ते दीडशे मीटर भरतो.

शंभर-दीडशे मीटर म्हणजे टोपोशीटवर दोन-तीन मिलिमीटर, नकाशा भिंतीवर लावला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि घाटमाथ्यावर? धारेवरून चालताना एवढ्या अंतरात धार, कडा आणि कड्याखालचं जंगल, तिन्ही येतं. दोन घळी शेजारी शेजारी असतात, एकीतून वाट उतरते आणि दुसरी मध्येच तुटते. ठिपका दुसऱ्याच घळीच्या तोंडाशी दिसतो, आणि तो डगमगत नाही, रंग बदलत नाही, 'ए' म्हणतो. रिसीव्हरची स्वतःची चूक दर मिनिटाला इकडेतिकडे सरकते, थांबलं तर सरासरी निघते. डेटमची चूक सतत एकाच दिशेला असते. तासभर थांबलात तरी ती तशीच राहते. म्हणून आम्हाला ती जास्त धोक्याची वाटते.

मग इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला आहे. सर्वेक्षण करणाऱ्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. हौशी लोकांपुरतं उत्तर असं, की २ मे २००० पर्यंत अमेरिकन लष्कर नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत असे. तेव्हा साध्या रिसीव्हरची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे जाई. डेटमची चूक त्या चुकीएवढीच, त्यामुळे ती तिच्या पोटात लपून जायची. मुद्दाम घातलेली चूक बंद झाली, जागा दहा-वीस मीटरपर्यंत बरोबर यायला लागली, आणि डेटमची चूक उघडी पडली. पीडीएला जीपीएस जोडण्याची लाट आली ती नेमकी यानंतर. लोकांनी नवा, अचूक रिसीव्हर घेतला आणि तो जुन्या ठरावाच्या कागदावर ठेवला.

यावर उपाय साधा आहे. नकाशाच्या समासात डेटम लिहिलेला असतो, तो वाचा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी ओपन सीरीज नकाशे आले, ते डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. ते मिळत असतील तर तेच घ्या, सगळी कटकट मिटते. जुनी शीट असेल तर तिला भारताचा एव्हरेस्ट डेटम द्या. यादीत 'इंडियन' नाव दिसलं म्हणून पहिलंच उचलू नका, त्यात शेजारच्या देशांसाठीचेही असतात. योग्य तो नसेल तर त्याचे आकडे स्वतः भरता येतात. आणि मग तपासा. नकाशावर स्पष्ट दिसणारी, जमिनीवर न हललेली जागा निवडा: नदीवरचा जुना पूल, रस्त्यांचा तिठा. देऊळही चालेल, पण जीर्णोद्धारात ते हललं नाही ना, ते गावात विचारून घ्या. तिथे उभं राहून ठिपका पाहा. एक तपासणी पुरत नाही. शीटच्या दोन लांबच्या टोकांना दोन करा, कारण स्कॅन करताना कागद तिरका गेला असेल तर एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक असं होतं. दोन्हीकडे ठिपका वीसेक मीटरच्या आत पडला, तर तो नकाशा डोंगरात न्यायला हरकत नाही.

विजेबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. या पिढीच्या पॉकेट पीसीत आपण टाकलेले प्रोग्राम आणि फाइली रॅममध्ये राहतात. बॅटरी पूर्ण संपली की सगळं पुसलं जातं, यंत्र कारखान्यातून आलं तसं होतं. नकाशा जातो, प्रोग्राम जातो, ब्लूटूथचं पेअरिंगही जातं. तेव्हा नकाशे एसडी कार्डावर ठेवावेत, आणि प्रोग्रामची कॅब फाइलही कार्डावरच ठेवावी. नवी बॅटरी घातली की त्या फाइलवर टिचकी मारून प्रोग्राम पाच मिनिटांत परत बसतो. याचा आणखी एक फायदा आहे. आजच्या विंडोजला हे यंत्र जोडायला जुनं अ‍ॅक्टिव्हसिंक लागतं आणि ते धड चालत नाही. कार्ड रीडरने फाइली कार्डावर टाकल्या की जोडायची गरजच उरत नाही. कार्ड मात्र २ जीबी किंवा त्याहून लहान, साधं एसडी हवं. नंतरची मोठी कार्डं या यंत्रांना वाचता येत नाहीत. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पिशवीत शोधा, तिथे हमखास मिळतं. बॅटरीही जुनी फुगलेली असेल तर वापरू नका. काही ब्लूटूथ रिसीव्हरमध्ये नोकियाच्या फोनची बॅटरी बसते, ती अजून मिळते. पीडीएची बॅटरी ९०० मिलिअँपिअर-तासांची आहे, त्यामुळे पडदा सतत चालू ठेवून दिवसभर चालणं विसरा. वाट फुटते तिथे पडदा लावायचा, पाहायचं, बंद करायचा. रिसीव्हर चालूच ठेवायचा, म्हणजे त्याला उपग्रह पुन्हा शोधावे लागत नाहीत.

आता एक-दोन प्रश्न घेऊ.

'पावसाळ्यात दाट झाडीत चालेल का?' या ताईंचा प्रश्न. सिग्नल इतका क्षीण असतो की ओल्या पानांचं छतही त्याला जड जातं. २००५ च्या सुमारास आलेल्या सर्फस्टार थ्री चिपचे रिसीव्हर याबाबतीत आधीच्यांपेक्षा पुष्कळ उजवे, घ्यायचा तर तोच घ्या. पण कड्याच्या पायथ्याशी वेगळी अडचण होते. अर्धं आकाश झाकलं जातं आणि काही सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतात. तिथे ठिपका पन्नास मीटर उडाला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. अशा जागी होकायंत्र आणि कागदी नकाशा बाहेर काढायचा. तो सॅकमध्ये असायलाच हवा, यंत्र कोणतंही असो.

आणि काकांचा प्रश्न आहे, उंची बरोबर येते का. उभ्या दिशेची चूक आडवीपेक्षा जास्तच असते, कारण आपल्याला फक्त वरचे उपग्रह दिसतात, खालचे जमिनीआड. शिवाय जीपीएस मुळात मोजतो ती उंची त्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्याकडे या दोन पातळ्यांत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. चांगला रिसीव्हर तो वजाबाकी-बेरीज करून देतो, काही जुने देत नाहीत. कळसूबाईच्या माथ्याची उंची १६४६ मीटर. तिथे उभं राहून तुमचा रिसीव्हर पुन्हापुन्हा सोळाशेच्या खालचा आकडा दाखवत असेल, तर तो कोणती उंची देतोय ते समजा. मग नकाशावरच्या समोच्च रेषांशी ताडून पाहताना तेवढी बेरीज तुम्हालाच करावी लागेल.